मामांच्या घशात उतरताना

मी घशात घालायचा दिवा बोलतोय. दचकू नका, तोंड मिटून ऐकलंत तरी चालेल.

कागदावर माझं नाव लॅरिंगोस्कोप असं आहे म्हणे. मला वाचता येत नाही, त्यामुळे खात्री देत नाही. एवढं लांब नाव घ्यायला कोणाला सवड आहे? डॉक्टर लोक नुसतं स्कोप म्हणतात. आणि ऑपरेशन थिएटरचे मामा मला वाकड्या म्हणतात. दवाखान्यात ढकलगाडी ढकलणारा, टेबल पुसणारा, हत्यारं धुणारा जो माणूस असतो त्याला सगळे मामाच म्हणतात. सत्तर वर्षांचा म्हातारा पेशंटसुद्धा म्हणतो, "मामा, जरा हळू न्या हो." आमच्या मामांना बावीस वर्षांत इतके भाचे झालेत की मोजायला बसले तर जेवायची वेळ टळेल.

माझं रूप सांगतो. मुठीत मावेल असा दांडा, दांड्याच्या पोटात दोन सेल, वर पोलादाचं वाकडं पातं आणि पात्याच्या टोकापाशी तांदळाच्या दाण्याएवढा दिवा. झालं. एवढ्यावर बावीस वर्षं मिरवतोय.

कारखान्यात आम्ही सगळे भाऊ एकाच पत्र्यातून निघालो. बरेचसे चमचे झाले. चमचाही तोंडात जातो, मीही तोंडात जातो. पण चमचा दिसला की माणूस आपण होऊन आ करतो. मला बघून आजवर कोणी हौसेनं आ केलेला नाही. माणसाला आधी गाढ झोपवतात, मगच माझी पाळी येते. नशीब एकेकाचं!

काम माझं साधं. मोठ्या ऑपरेशनला पुरती भूल दिली की माणूस श्वास घ्यायचंही विसरतो. मग त्याच्या श्वासनळीत एक नळी बसवतात आणि मशीन त्याच्यासाठी श्वास घेतं. आता ती वाट घशात, जिभेच्या मागं, अंधारात. तेव्हा मी आत शिरतो, जीभ उचलून बाजूला करतो, दिवा दाखवतो. डॉक्टर वाकून बघतात आणि नळी सरकवतात. दहा-पंधरा सेकंदांचा खेळ.

पण त्या दहा-पंधरा सेकंदांतच माझी खरी गंमत असते.

काय होतं, जिभेच्या मुळाशी मी टेकलो आणि जरा उचल दिली की शरीर दचकतं. माणूस झोपलेला असतो हो, त्याला पत्ताही नसतो. पण त्याचं काळीज टक्क जागं होतं. नाडी धावत सुटते, रक्ताचा दाब झाडावर चढतो. शेजारी मॉनिटर नावाचा एक चहाडखोर बसलेला असतो. तो लगेच टीं-टीं-टीं करून गावभर करतो. अक्षरं मला येत नसली तरी आकडे कळतात. एकशेवीसचे एकशेऐंशी झाले की मला अशा गुदगुल्या व्हायच्या म्हणून सांगू! झोपलेल्याच्या कानात काडी घालून लपून बसायची जी मजा असते ना, तीच.

माझे पहिले मालक, म्हणजे भुलीचे जुने डॉक्टर, मनगटाचे दणकट होते. त्यांचा कारभार धर की घाल. आकडा उडाला की म्हणायचे, "येईल खाली आपोआप." बहुतेकांचा यायचाही. धडधाकट माणसाला एवढ्यानं काही होत नाही. पण ज्याचं हृदय आधीच दमलंय, त्याला हा दणका महागात पडतो. हे मला तेव्हा माहीत नव्हतं. आणि खरं सांगू? माहीत करून घ्यायची गरजही वाटली नव्हती.

मग जुने डॉक्टर गेले आणि त्यांच्या जागी भुलीच्या नव्या डॉक्टरबाई आल्या. तिथून माझ्या मजेला नाट लागला.

बाई मूर्तीनं बारीक, पण थिएटरात त्यांच्या शब्दापुढे पान हलत नाही. त्यांचा आवडता शब्द एकच. थांबा. मला आत घालण्याआधी त्या एखादं औषध शिरेत सोडतात आणि घड्याळाकडे बघत म्हणतात, "थांबा." कोणाला तीन मिनिटं, कोणाला दहा मिनिटं. सगळ्यांनी त्यांचं नावच थांबाबाई पाडलं. आणि ऑपरेशनचे साहेब म्हणजे पायाला भिंगरी. हात धुऊन, ते वर धरून दारात उभे राहतात आणि दर अर्ध्या मिनिटाला विचारतात, "झालं का?" त्यांचं नाव झालंकासाहेब. एक थांबाबाई, एक झालंकासाहेब. दोघांचा संसार बघत आम्ही दिवस काढतो.

एकदा साहेब वैतागले. "अहो बाई, पेशंट झोपलाय की. आता कशाची वाट बघताय?"

बाई म्हणाल्या, "पेशंट झोपलाय साहेब. त्याचं हृदय नाही झोपलं. आपण दार न वाजवता घरात घुसलो तर घरातलं माणूस किंचाळणारच. आधी जरा समजूत घालू द्या."

झालं! त्या दिवसापासून आत जावं, उचल द्यावी, तर आकडा ढिम्म. एकशेवीसचे एकशेपंचवीस. मॉनिटर जांभया देतोय. माझ्यासारख्या खोडकरानं करायचं काय? मग मी दुसरी खोडी काढली. माझा दिवा मुळातच जरा सैल. ऐन वेळी मी तो घालवायचा. बाई म्हणायच्या, "मामा, गेला!" मग मामा मला हातात घेऊन एक टपली द्यायचे आणि म्हणायचे, "वाकड्या, गुमान राहा, नाहीतर भंगारात देईन." मी पेटायचो. ही धमकी मी पहिल्या महिन्यापासून ऐकतोय.

मामांचा जीव होता माझ्यावर. रोज संध्याकाळी मला साबणानं धुवायचे, कोरडं करायचे, दिवा पिळून घट्ट बसवायचे आणि धुताधुता दिवसभराचं गाऱ्हाणं मलाच सांगायचे. घरी मामी ऐकत नाहीत, कारण मामींना स्वतःचंच बोलायचं असतं.

पण मामांचा दरारा बघायचा तर थिएटरच्या दारात बघावा. पेशंट आला की मामा कमरेवर हात ठेवून विचारणार, "रात्रीपासून काही खाल्लंय का? पाणी प्यायलात? एक थेंब? खरं सांगा. चूळ भरताना गिळलं तर नाही ना?" एका बाईंनी घाबरून सांगितलं होतं, "मामा, दोनदा थुंकी गिळली हो." पोटात काही असलं तर भुलीत उलटून छातीत जातं, म्हणून हा नियम. नियम चांगला. पण मामांनी त्याचं पार सोवळं करून ठेवलं होतं.

आणि एक दिवस त्याच दारातून मामाच आडवे आत आले.

पित्ताच्या पिशवीत खडे. महिन्यात दोनदा असे लोळले होते की मामींनी शेजारपाजार गोळा केला. साहेब म्हणाले, "आता पिशवी काढायलाच हवी. एखादा खडा घसरून पित्ताच्या नळीत अडकला तर मोठं दुखणं होऊन बसेल." पण मामांच्या हृदयाच्या रक्तवाहिनीत तीन वर्षांपूर्वी स्प्रिंग बसवलेली, आणि रक्तदाब तर जुना सोबती. हृदयाच्या डॉक्टरांनी बजावलं होतं, "करा ऑपरेशन, पण भुलीच्या वेळी दाब उडता कामा नये."

दाब उडवणारा कोण? मी!

आदल्या दिवशी बाईंनी मामांना समोर बसवून सांगितलं, "मामा, नीट ऐका. खाणंपिणं बंद. पण रक्तदाबाची रोजची गोळी सकाळी घ्यायची. घोटभर पाण्याबरोबर. ती चुकवायची नाही."

मामांनी मान हलवली. मान हलवणं आणि ऐकणं यात दोन कोसांचं अंतर असतं.

सकाळी मामांना टेबलावर घेतलं, दंडाला पट्टा बांधला. पट्टा फुगला, सुटला आणि मॉनिटर बोंबलला. वरचा आकडा एकशेचौऱ्याण्णव, खालचा एकशेबारा. मी अजून ट्रेमध्येच होतो हो! मी काही केलं नव्हतं!

"मशीन बिघडलंय," मामा म्हणाले.

"मशीन कालच तपासलंय," सिस्टर म्हणाल्या.

"मग पट्टा सैल असेल. मी बांधला नाही ना."

दुसऱ्या दंडाला बांधला. एकशेब्याण्णव. बाई खुर्ची ओढून मामांच्या डोक्याशी बसल्या.

"मामा, गोळी घेतली?"

"घेतली की."

"किती वाजता?"

"सकाळी."

"पाण्याबरोबर?"

मामा छताकडे बघायला लागले. सिस्टर बाहेर गेल्या. बाहेर मामी मामांचे कपडे मांडीवर घेऊन बसल्या होत्या. अर्ध्या मिनिटात दाराच्या फटीतून मामींचा आवाज आला. तो आवाज असा की मॉनिटरनं लाजून गप्प बसावं.

"खिशात? खिशात ठेवली? अहो, सकाळी मी पाण्याचा पेला घेऊन उभी होते, तर मला म्हणाले, ठेव, घेतो! मेलं खिशाला होता का रक्तदाब? शर्टाला देणार होतात का गोळी?"

सिस्टर चिमटीत गोळी धरून आत आल्या. गोळी बघून मामा लहान मुलासारखे झाले.

"बाई, बावीस वर्षं मी त्या दारात उभा राहून लोकांना सांगतोय, पाण्याचा थेंब नको. आणि आज मीच पेला तोंडाला लावू? ओठापर्यंत नेला होता हो. हातच वळला नाही."

साहेब दारातून म्हणाले, "झालं का?"

"नाही," बाई म्हणाल्या. "असा दाब घेऊन मी यांना भूल देणार नाही. पुढची तारीख बघू."

तसे मामा उठूनच बसले. अंगावरच्या तारा ताणल्या. "पुढची तारीख देऊ नका बाई. मी येणार नाही."

"का नाही येणार?"

मामांनी ताणलेल्या तारा सारख्या केल्या. मग हळूच म्हणाले, "आज गाडीवर मला दुसऱ्यानं ढकलत आणलं ना, तेव्हा पहिल्यांदा वरचं छत बघितलं. रोज मी ढकलतो, मला लोकांची डोकी दिसतात. आज छत सरकायला लागलं आणि वाटलं, उतरून पळावं. घरी गेलो तर पुन्हा त्या गाडीवर चढायचा नाही मी. दुखणं काढेन, लोळेन, पण चढणार नाही. मला मी माहीत आहे."

बाईंनी घड्याळ बघितलं. मग म्हणाल्या, "सिस्टर, घोटभर पाणी आणा. मामा, माझ्यासमोर गोळी घ्यायची. साहेब, मामांना यादीत शेवटी टाका, बाकीची दोन आधी करून घ्या. दुपारी दाब खाली आला तर करू. नाही आला तर मी हात लावणार नाही, मग मामा रडोत की मामी."

साहेबांनी एक लांब उसासा सोडला. पण मामांच्या हातून ज्यानं बावीस वर्षं गाऊन बांधून घेतला तो माणूस काय बोलणार? "बरं," म्हणाले.

मामांनी गोळी घेतली. घोट गिळताना डोळे घट्ट मिटले होते. चोरी करत असल्यासारखे!

त्या दिवशी मी आधीच्या दोन घशांत जाऊन आलो, पण माझं कशातच लक्ष नव्हतं. दिवा घालवायचंही सुचलं नाही. एकच विचार. दुपारी मी मामांच्या घशात जाणार. आणि मी गेलो की काय होतं, हे माझ्याइतकं कोणाला माहीत?

दुपारी मामांना पुन्हा आत आणलं. ढकलायला सिस्टर स्वतः गेल्या होत्या. वाटेत मामांना म्हणाल्या, "छताकडे बघू नका, माझ्याकडे बघा." दाब मोजला. एकशेअठ्ठावन्न.

"चालेल," बाई म्हणाल्या. "आता थेंबथेंब औषध सोडते. दहा मिनिटं. याने तुमच्या हृदयाची समजूत घालायची."

"माझी समजूत बायकोला तीस वर्षांत घालता आली नाही," मामा पुटपुटले. "बघा तुम्ही प्रयत्न करून."

औषध सुरू झालं. आणि तेवढ्यात बाईंनी मला उघडून बघितलं, तर माझा दिवा लागला आणि विझला. पुन्हा लागला, पुन्हा विझला.

शपथ घेऊन सांगतो, ही खोडी नव्हती! आज मामा कामावर नव्हते, त्यांच्या बदली आलेल्या माणसानं मला दोनदा धुतलं, पण दिवा पिळलाच नाही. तो खरंच सैल झाला होता. मी जीव खाऊन पेटायला बघत होतो आणि पेटता येत नव्हतं. आजवर शंभरदा खोटा विझलो, तेव्हा आता खरं कोण मानणार?

"दुसरा स्कोप काढा," बाई म्हणाल्या.

मामा डोळे अर्धे मिटून म्हणाले, "दुसरा नको. तो माझ्या ओळखीचा नाही. वाकड्याला इकडे द्या."

"अहो मामा, तुम्ही पेशंट आहात!"

"माझ्याच तोंडात जाणार आहे ना? माझे जंतू माझ्याच घरी. द्या इकडे."

बाईंना हसू आवरेना. त्यांनी मला मामांच्या हातात दिलं. एका हाताला सलाईन, बोटाला नाडी मोजायचा चिमटा, आणि मामा आडवे पडून माझा दिवा पिळतायत. सवयीचं काम हाताला मिळालं आणि मॉनिटरवर बघतो तर काय, दाब उतरायला लागला. एकशेपन्नास. एकशेचव्वेचाळीस. औषधानं उतरला की माझ्यामुळे, ते बाईंना विचारा. मामा पुटपुटले, "वाकड्या, आज गुमान राहा हं." पुढची धमकी काही आली नाही. हात माझ्यावरच राहिला आणि मामांचा डोळा लागला.

दिवा लख्ख पेटला होता.

"झालं का?" साहेबांनी विचारलं. पण आज कुजबुजून.

"थांबा," बाई म्हणाल्या. दहा मिनिटं पुरी झाली. मग झोपेचं औषध दिलं, अंग सैल करायचं दिलं, त्यावरही थांबल्या. मामांच्या तोंडावर मास्क धरून हवा देत राहिल्या. आकडा एकशेचोवीस. नाडी बासष्ट. मग मला उचललं.

आयुष्यभर मी ज्या घटकेची वाट बघायचो ती हीच. आणि मला आत जावंसं वाटेना. पोलादाला घाम फुटत नाही, नाहीतर मी बाईंच्या हातातून निसटलो असतो.

मामांच्या दातांवरून आत गेलो. दोन दाढा गायब. ह्या माणसानं कधी सांगितलं नव्हतं. जिभेवरून घसरलो, मुळाशी टेकलो. बाईंनी उचल दिली. मी होता होईल तेवढं अंग चोरलं. वाकडा माणूस सरळ वागायला गेला की किती अवघड जातं ते तेव्हा कळलं.

टीं.

टीं.

टीं.

अंतर तेच. मी वाट बघतोय, आता धावेल, आता चढेल. सिस्टर मोठ्यानं आकडे वाचत होत्या. "चौसष्ट. पासष्ट. सहासष्ट." नळी माझ्या उजेडातून आत गेली. "चौसष्ट." मी बाहेर आलो. पट्टा फुगला. पट्टा सुटायला एवढा वेळ लागतो हे मला बावीस वर्षांत माहीत नव्हतं.

"एकशेएकतीस!" सिस्टर म्हणाल्या आणि मास्कच्या आत एवढा मोठा श्वास सोडला की कपाळावरची टोपी हलली.

मामांचं हृदय दचकलं नाही. त्याला मी आल्याचं कळलंच नाही. माझ्या जन्मात एवढी फजिती झाली नव्हती आणि एवढा आनंदही झाला नव्हता.

पिशवी निघाली. खडे निघाले अठरा. मामा जागे होऊन पहिलं वाक्य बोलले, "कधी सुरू करताय?" घसा बसलेला, आवाज फाटक्या बाजासारखा. मामी उशाशी बसून रडत होत्या आणि रडतारडता म्हणत होत्या, "दोन दिवस बोलू नका म्हणालेत डॉक्टर. देवा, दोनच का रे?"

महिन्यानं मामा कामावर आले. आता दारात त्यांचा पहिला प्रश्न असतो, "दाबाची गोळी घेतली का? घ्यायची होती ना? मग खिसे दाखवा." परवा एका जाडजूड गृहस्थांचे खिसे खरंच तपासले. दोन गोळ्या निघाल्या. बाईंनी आतून टाळ्या वाजवल्या.

माझं म्हणाल तर माझी सद्दी आता संपत आली. कॅमेरावाला नवीन स्कोप आलाय, घसा पडद्यावर दाखवतो. जीभ फार उचलावी लागत नाही, त्यामुळे त्याला खोडीही काढता येत नाही. बिचारा! मी खालच्या खणात असतो, वीज गेली तर लागेल म्हणून. मामा आठवड्यातून एकदा मला काढून दिवा पिळतात. मी एका टपलीत पेटतो. पहिल्यासारखे नखरे करत नाही.

जाताजाता एक मागणं आहे. तुमच्यावर कधी भुलीची वेळ आलीच, तर भुलीच्या डॉक्टरांशी खोटं बोलू नका. गोळी घेतली असली तर घेतली म्हणा, विसरला असलात तर विसरलो म्हणा. त्या थांबा म्हणाल्या की थांबा. कोणी दारात "झालं का" म्हणत असला तर म्हणू द्या. माझ्या खोड्या फसाव्यात एवढंच माझं मागणं, आणि असं मागणारा खोडकर तुम्हाला दुसरा भेटायचा नाही.

आपली गाठ पडलीच, तर तुम्ही झोपलेले असाल. ओळख दाखवली नाहीत म्हणून मी रुसणार नाही. हळूच येईन, हळूच जाईन. तुमच्या काळजाला पत्ता लागू देणार नाही.